एक गाठ कंबर, दोन गाठी लांबी

"तू काय बी काळजी करू नगंस, शाळेचं सगळं मी बघतो," असं शहाजी जगदाळे फोनवर बोलून गेला आणि रिसीव्हर ठेवल्या ठेवल्या त्याला घाम फुटला. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात वीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस. पोत्याला हात लावला की वजन सांगायचा, अर्धा किलो इकडंतिकडं व्हायचं नाही. पण आत्ता आपण जे उचललंय ते किती किलोचं आहे, याचा त्याला काही केल्या अंदाज येईना.

बायको प्रेमला माहेरी, लोणंदजवळच्या गावी गेली होती. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे अर्धा जून सरेपर्यंत ती काही तिथून हलणार नव्हती. मुलगा शिवतेज सुट्टी म्हणून तिच्याबरोबरच होता आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मामाबरोबर येणार होता. म्हणजे गणवेश, बूट, रेनकोट, वह्या, कव्हरं हे जे सगळं दर जूनमध्ये घरात आपोआप उगवतं अशी शहाजीची समजूत होती, ते यंदा त्याला स्वतः आणायचं होतं.

बरं, त्याला नाही म्हणता आलं असतं. पण एप्रिलात मेव्हण्याच्या लग्नात एक प्रकार घडला होता. भर पंगतीत प्रेमला हसत हसत म्हणाली, "ह्यांना विचारा बरं, पोरगा कितवीला आहे." शहाजीने तोंडात घास असतानाच 'चौथी' म्हणून ठोकून दिलं. पोरगा पाचवीची परीक्षा देऊन आला होता. पंगत हसली, वाढपी हसले, ज्यांची अजून धड ओळखही झाली नव्हती ते नवरीकडचे लोकही हसले. शिवतेज तेवढा हसला नाही. तो मान खाली घालून जिलबीचे बारीक बारीक तुकडे करत बसला. लग्नाला महिना उलटून गेला तरी ते तुकडे शहाजीच्या डोळ्यांपुढून जात नव्हते.

आता यात त्याचा तरी काय दोष म्हणायचा? पहाटे चारला तो कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतलं घर सोडायचा तेव्हा पोरगा झोपलेला, गाड्या खाली करून परत यायचा तेव्हाही झोपलेला. रविवारी बाजार बंद, पण मग रविवारी शहाजी झोपलेला. अशा रीतीने एका खोलीत राहून बाप-लेकाची गाठ पडायची ती फक्त आजारपणात. तर यंदा काहीही होवो, पोराला पहिल्या दिवशी कडक गणवेशात स्वतः शाळेत सोडून यायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. 'सहावी ब, सहावी ब' असं तो पोती उचलतानाही घोकत होता.

शाळेची सूचना वरच्या मजल्यावरच्या ज्योतिबाने आणून दिली. ज्योतिबा हा शहाजीच्या टोळीचा मुकादम, त्याची मुलगी त्याच शाळेत होती. सूचनेत लिहिलं होतं की यंदापासून सहावी आणि पुढच्या मुलांना राखाडी फुल पँट, पांढरा शर्ट, काळा पट्टा आणि काळे बूट सक्तीचे आहेत आणि गणवेश नसेल त्याला वर्गात बसू दिलं जाणार नाही. शहाजीने ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि देवाच्या फोटोमागे खोचून ठेवला. कागदाच्या मागच्या बाजूलाही काही छापलेलं होतं, पण माणूस दिवसभर राबून आला की कागदाची एकच बाजू वाचू शकतो.

अडचण एवढीच की पोरगा गावाला आणि माप इथे. कोपरखैरणे गावातला हरेश टेलर एकतीस मेनंतर नवी ऑर्डर घ्यायचा नाही. प्रेमलाला मात्र ही अडचण वाटलीच नाही, कारण तिच्या माहेरी टेपने माप घ्यायची पद्धतच नव्हती. तिच्याकडे माप दोरीने घ्यायचे आणि ओळखायला गाठी मारायचे. लग्नातली अख्ख्या भावकीची कापडं अशा गाठींवर शिवून आली होती.

"अहो, नीट ऐका," ती फोनवर म्हणाली होती. "एक गाठ म्हणजे कंबर, दोन गाठी म्हणजे पँटीची लांबी आणि तीन गाठी म्हणजे छाती. परवाच्या कांद्याच्या गाडीत सामानाबरोबर धाडते. विसरू नका."

शहाजी विसरला नाही. दोन दिवस तो 'एक गाठ कंबर, दोन गाठी लांबी' म्हणतच पोती वाहत होता. त्याच्या मागे पोतं घेऊन येणारा गडीही तेच म्हणायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी सगळी टोळी त्याच तालावर गाडी खाली करत होती.

गाडी आली. ड्रायव्हरने केबिनमधून एक गोणपाटाचं गाठोडं काढून दिलं. शहाजीने घरी नेऊन त्याच्या तोंडाची सुतळी न सोडता ओढून काढली. आत आंब्याच्या लोणच्याची एक भली मोठी चिनी मातीची बरणी होती, कुरडयांनी भरलेला एक पत्र्याचा चौकोनी डबा होता, चार नारळ होते. दोऱ्यांचं पुडकं मात्र कुठेच नव्हतं. त्याने गोणपाट झटकलं, कुरडयांत हात घातला, बरणीत वाकून पाहिलं. मग एकदम त्याचं लक्ष सुतळ्यांकडे गेलं. बरणीच्या पोटाला बांधलेल्या सुतळीला एक गाठ होती. गाठोड्याचं तोंड आवळलेल्या लांब सुतळीला दोन गाठी होत्या. डब्याला गुंडाळलेल्या सुतळीला मोजून तीन.

शहाजी खूश झाला. प्रेमला हुशार बाई. मापाच्या दोऱ्या वेगळ्या कशाला पाठवायच्या, त्यांनीच सामान बांधलं की एका दोरीत दोन कामं. बाजारात सुतळीचा तुकडाही कुणी टाकत नाही, हे एवढ्या वर्षांत आपण तिला शिकवलं, याचं त्याला समाधान वाटलं. त्याने तिन्ही सुतळ्या गाठीपासून सोडवल्या नाहीत, तर गाठी तशाच ठेवून दुसऱ्या बाजूने कापल्या, गुंडाळल्या आणि खिशात घातल्या.

हरेश टेलर मूळचा गावठाणातला. त्याच्या बापाची खाडीकडे भातशेती होती, ती सिडकोने घेतली आणि हरेशने मशीन घेतलं. जूनच्या तोंडावर त्याच्या दुकानात पांढऱ्या कापडाचे ढीग छतापर्यंत जायचे आणि त्या ढिगांतून फक्त त्याचं डोकं दिसायचं. त्याने पहिली सुतळी टेपला लावली, मग चष्मा पुसून पुन्हा लावली.

"यो कंबर हाय?" तो म्हणाला. "चौतीस भरते."

"मग आसंल."

"पोऱ्या कितवीला तुझा?"

"सहावी ब," शहाजी ताबडतोब म्हणाला. या प्रश्नाची त्याची तयारी होती.

"कवरा हाय? हातानं दाव जरा."

शहाजीने दोन्ही हात पसरले, अंतर थोडं कमी केलं, पुन्हा वाढवलं. "येवढा. उशी भिंतीला लावली की पाय कपाटापतूर जात्यात."

हरेश त्याच्याकडे बघतच राहिला. "आरवा नको दावू रं. उभा दाव."

शहाजीने हात खाली घेतले. एक हात उपडा करून आधी कमरेपाशी धरला, मग छातीपाशी नेला, मग खांद्यापाशी, आणि तिथून तो हळूहळू परत खाली आला. ज्या माणसाने जन्मात पोत्याचं वजन चुकवलं नव्हतं, त्याला पोटच्या पोराची उंची दाखवता येईना. शेवटी त्याने हात खिशात घातला आणि म्हणाला, "दोरी काय खोटं बोलती का? गावाकडं दूध, आंबं, खाणंपिणं. भरला आसंल अंगानं. तू दोरीपरमानं शिव."

"तुझा पोऱ्या, तुझी दोरी," हरेश म्हणाला आणि त्याने वहीत लिहिलं. कंबर चौतीस, लांबी चाळीस, छाती सदतीस.

इथून पुढे जे झालं त्यात एकाही माणसाने काही चूक केली असं म्हणता येणार नाही. प्रत्येक जण आपापल्या मापाशी प्रामाणिक होता. हरेशने सांगितलं, एवढ्या देहाला आणलेलं कापड पुरायचं नाही. म्हणून शहाजी वाशीला दुसरी खेप मारून आणखी कापड घेऊन आला. पट्टा घ्यायचा तर चौतीस कमरेला लहान मुलांचा पट्टा कसा बसेल, म्हणून दुकानदाराने मोठ्यांचा दिला. बुटांच्या दुकानात पायाचं माप विचारलं. शहाजीकडे पायाची दोरी नव्हती, पण कंबर होती. दुकानदार अनुभवी होता. त्याने कंबर ऐकली, पँटीची लांबी ऐकली, आणि अशा शरीराखाली आठ नंबरच्या आतला पाय असूच शकत नाही, असं छातीठोक सांगितलं. रेनकोट छातीवरून घेतला. तो घेताना दुकानातली बाई म्हणाली, मुलगा पोलिसात आहे का. शहाजी म्हणाला, सहावी ब.

मधूनमधून त्याला शंका यायची, नाही असं नाही. रात्री चटईवर पडला की त्याला रिकाम्या जागेकडे बघून वाटायचं, एवढा रुंद पोरगा इथे मावत कसा होता? पण मग दुसरं मन म्हणायचं, तू कधी नीट बघितलंस? तो कूस बदलून झोपून जायचा.

वह्या-पुस्तकांना कव्हरं घालायचं काम बाजारातच झालं. दुपारी गाडी नव्हती, तेव्हा टोळीतली सहा माणसं कांद्याच्या थप्पीवर बसली आणि त्यांनी खाकी कागद कापून वीस वह्या हां हां म्हणता गुंडाळल्या. डिंक नव्हता, म्हणून दाभणाने कडा शिवून टाकल्या. ज्योतिबाचं अक्षर सगळ्या गाळ्यांत नावाजलेलं, पोत्यांवर व्यापाऱ्याचा मार्का तोच रंगवायचा. त्याने नावं घालायचं मनावर घेतलं. प्रत्येक वहीवर वीतभर अक्षरात 'शि. श. जगदाळे' आणि त्याखाली, हाताच्या सवयीने, 'लोणंद' असं पडलं. वह्यांना कांद्याचा उग्र वास यायला लागला. तरी वीसच्या वीस वह्या घरी फळीवर रचल्या तेव्हा शहाजीला जरा भरून आलं. रचताना त्याने त्या थप्पीसारख्या आडव्या-उभ्या रचल्या होत्या.

बारा जूनला संध्याकाळी मामा शिवतेजला दारात सोडून पुढे गेला. शहाजी त्या दिवशी मुद्दाम लवकर आला होता. त्याने दार उघडलं आणि समोरच्या पोराकडे पाहिलं. दारात शिवतेज उभा होता. उभा. त्याचं डोकं शहाजीच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी येत होतं आणि अंगाने तो शेवग्याच्या शेंगेसारखा होता. शहाजीने दाराबाहेर डोकावून जिन्यात पाहिलं, आणखी कुणी येतंय का म्हणून.

"तू एकलाच?" त्याने विचारलं.

"हो अण्णा," शिवतेज म्हणाला. "मामा गेला."

पँट घालून झाली तेव्हा शिवतेजने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, कारण सोडली तर ती पडत होती. एका पायात दोन्ही पाय गेले असते. शर्टाचे खांदे कोपरापर्यंत आले होते. बुटांत पाय घालून तो दोन पावलं चालला तेव्हा पाय पुढे गेले आणि बूट होते तिथेच राहिले. त्याने फक्त एकदा वर पाहिलं आणि मग लग्नाच्या पंगतीत घातली होती तशी मान खाली घातली.

शहाजी पँटीचा घोळ गोळा करायला खाली बसला. त्याच्यासमोर कोपऱ्यात लोणच्याची बरणी होती. तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, पोराच्या हातातून पँट घेतली आणि बरणीला नेसवली. बटण लावलं. पँट बरणीच्या पोटाला अशी चपखल बसली की हरेशच्या हाताला दाद द्यावी.

"आईनं मापाच्या दोऱ्या दिल्या व्हत्या," तो बरणीकडे बघतच म्हणाला. "त्या कुठंतरी पडल्या माझ्याकडनं. गाडीत म्हण, न्हाईतर गोणपाटाबरोबर. मी ह्या बरणीच्या दोरीवर शिवलं रं शिवा."

"आणि शर्ट?" शिवतेजने विचारलं.

शहाजीने कुरडयांच्या डब्याकडे बोट दाखवलं. शिवतेजने डब्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, आणि मान वळवली. तो रडतोय की हसतोय, हे शहाजीला कळलं नाही आणि विचारायचं धाडसही झालं नाही.

हरेशचं दुकान तोवर बंद झालं होतं. शाळा सकाळी सातला, दुकान उघडणार नऊला. मुकादमाकडून शहाजीने दहापर्यंतची सवलत घेतली होती, दहाला बाजारात नाशिकच्या गाड्या लागणार होत्या. सगळ्या बाजूंनी कोंडी. मग त्याने आपल्याला येत होतं ते केलं. सकाळी साडेसहाला पोराला मधोमध उभं केलं, पँट घातली, मागच्या बाजूला सगळा घोळ गोळा केला आणि पोत्याचं तोंड आवळतात तशी सुतळी आवळून फास मारला. पँटीचे पाय खालून आत चार चार वेळा दुमडून दाभणाने टाके टाकले. शर्ट आत कोंबला, त्यामुळे पँट जरा भरली. पायात गेल्या वर्षीच्या चपला. आठ नंबरचे बूट वाया कशाला घालवा, म्हणून ते शहाजीने स्वतः घातले. चौतीसचा पट्टाही त्यालाच बरोबर आला. असे बाप-लेक शाळेला निघाले तेव्हा गणवेशात कोण आहे, याबद्दल वसाहतीत थोडा घोटाळा झाला असणार.

शाळेच्या फाटकात एक बाई वही घेऊन उभ्या होत्या आणि एकेका मुलाला नखशिखान्त न्याहाळून आत सोडत होत्या. ज्यांचं काही कमी होतं ती मुलं भिंतीशी रांगेत उभी होती. शहाजीने शिवतेजला आपल्या पाठीमागे घेतलं, घसा साफ केला आणि बाईंनी काही विचारायच्या आतच सांगून टाकलं, "शिवतेज शहाजी जगदाळे, सहावी ब."

एकही अक्षर चुकलं नव्हतं. लग्नातली पंगत इथे असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

बाईंनी वही चाळली. मग त्यांनी शहाजीकडे पाहिलं, त्याच्या नव्या कोऱ्या काळ्या बुटांकडे पाहिलं आणि थकल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, सहावी दुपारची. पाचवीपर्यंत सकाळी, सहावीपासून साडेबाराला. सूचनेच्या मागच्या पानावर छापलंय. घेऊन जा याला आणि साडेबाराला आणा. कपडे नीट करून आणा."

शहाजी दोन पावलं मागे सरला. भिंतीशी उभी असलेली मुलं त्याच्याकडे हेव्याने बघत होती. त्याला एवढंच समजलं की आपल्याला पाच तास मिळालेत आणि नाशिकच्या गाड्या गेल्या. ज्योतिबाला निरोप धाडायला हवा होता, आजचा दिवस बुडाला होता, आणि तरीही त्याच्या पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं. फाटकापासून लांब आल्यावर तो थांबला.

"शिवा, तुला ठावं व्हतं का, शाळा दुपारची हाय म्हणून?"

शिवतेजने सुतळी सावरली. "हो. निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं."

"मग काल बोलला का न्हाईस?"

पोरगा चपलेच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "तुम्ही सोडायला येतो म्हणाला होता. दहाला तुम्हाला बाजारात जायचं होतं. दुपारी तुम्ही आला नसता."

शहाजीला यावर काहीतरी बोलायचं होतं. रागवायचंही होतं, कारण एवढ्या सकाळी पोराला पोत्यासारखं बांधून गावभर फिरवलं होतं. पण ते सगळं बाजूला राहिलं. त्याने पोराचा हात धरला, आणि बारा वर्षांच्या पोराचा हात असा रस्त्यात धरायचा नसतो हे ठाऊक असूनही, हरेशच्या दुकानापर्यंत सोडला नाही.

हरेश नऊला आला तेव्हा हे दोघं त्याच्या पायरीवर बसले होते. त्याने शिवतेजला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग शहाजीला पाहिलं, आणि गळ्यातला टेप काढला. कंबर तेवीस भरली.

"चौतीस कोनाची व्हती मग?" त्याने विचारलं.

"बरणीची," शहाजी म्हणाला.

हरेशने हा खुलासा ऐकून घेतला. जून महिन्यात टेलरला कशाचंच नवल वाटत नाही. त्याने दुसरी सगळी कामं बाजूला सारली, शिवण उसवली आणि पुन्हा कापायला बसला. तेवढ्यात दोघांनी जाऊन चार नंबरचे बूट घेतले आणि लहान पट्टा घेतला. आठ नंबरचे बूट दुकानदाराने परत घेतले नाहीत, कारण ते घालून माणूस समोरच उभा होता. मग दोघांनी एका हॉटेलात मिसळ खाल्ली. शिवतेजने गावाकडच्या म्हशीची एक लांबलचक गोष्ट सांगितली, ती ऐकता ऐकता शहाजीचे डोळे मिटत होते, तरी त्याने मधेच दोनदा 'मग?' म्हणून विचारलं. साडेबाराला फाटकातल्या त्याच बाईंनी शिवतेजला वरून खाली पाहिलं, कॉलर सरळ केली आणि आत सोडलं. वह्यांचा वास आला तेव्हा त्यांनी तेवढं नाक मुरडलं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर दोघं एसटीडी बूथवर गेले. गावात फोन एकच, बाबासो वाण्याच्या दुकानात. आधी त्याला सांगायचं, मग दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा, तोवर प्रेमला पळत येते. शहाजीने काय काय सांगायचं आणि काय गाळायचं, याची मनात जुळवणी केली होती. दोऱ्या हरवल्याचं तो कबूल करणार होता. शेवटी ती हसेल, गावभर सांगेल, पुढच्या लग्नात पंगतीलाही सांगेल. सांगू दे.

पण त्याने 'हॅलो' म्हणायच्या आतच प्रेमला बोलायला लागली, आणि तिचा आवाज एवढा मोठा होता की शेजारी उभ्या शिवतेजलाही सगळं ऐकू येत होतं.

"अहो, माझं चुकलं. मापाच्या दोऱ्या तुम्हाला मिळाल्याच नसतील. गाठोडं आईनं बांधलं, एका डोळ्यावर पट्टी, तिला म्हटलं होतं दोऱ्या आत घाल. काल शिवा निघाल्यावर बघते तर हितं खुंटीवर तशाच लोंबत्यात. पोरगं काय घालून गेलं शाळेत?"

शहाजीने रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. कालपासून जे पाप आपलं म्हणून तो वाहत होता, ते मुळात त्याचं नव्हतंच. सासूबाईंनी आपल्या हाताने सुतळी आवळली होती आणि सवयीने एक, दोन, तीन अशा गाठी पडत गेल्या होत्या.

"गणवेशच घालून गेलं," तो म्हणाला. "नवा."

"नवा? शिवला कसा? कुणाच्या मापानं?"

शहाजीला खोटं बोलायचा सराव नव्हता. त्याच्या जिभेवर 'बरणी' हा शब्द आलाच होता. तेवढ्यात शिवतेजने त्याच्या हातून रिसीव्हर घेतला.

"आई, अण्णांनी अंदाजानं शिवला," तो म्हणाला. "बरोबर बसलाय. बाईंनी लगेच आत सोडलं."

मीटरवरचे लाल आकडे पळत होते. शहाजीने रिसीव्हर कानाला लावला तेव्हा प्रेमला नाक ओढत होती.

"अंदाजानं?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "मला वाटायचं, तुम्हाला पोरगं केवढं झालंय हे बी ठाऊक नसंल. लग्नात उगीच बोलले मी, मनात ठेवू नका."

"न्हाई, न्हाई," शहाजी कसाबसा म्हणाला.

"बरं झालं पण. एक काळजी मिटली माझी." प्रेमलाचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "पुढल्या सालापासनं दोऱ्या-बिऱ्या काय बी नको. सगळं तुम्हीच बघत जा, अंदाजानं."

फोन ठेवला. बूथमधून बाहेर पडताना शहाजीचे आठ नंबरचे बूट करकरत होते. शिवतेज पुढे चालला होता, नव्या पँटीच्या दोन्ही खिशांत हात घालून, आणि कुठेही घसरत नव्हता. चार पावलं गेल्यावर शहाजीने त्याला हाक मारून थांबवलं, त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि आपला उपडा हात त्याच्या डोक्यावरून सरळ रेषेत आपल्या शर्टापर्यंत आणला. तिसरं बटण.

"शिवा," तो जरा चिंतेने म्हणाला, "वर्षाला किती बटणं वाढतोस रं तू?"